आर्थिक वाढीवरून निवडणुकीचा अंदाज: सोळा ओळींचं रिग्रेशन न चुकता कसं करायचं

निवडणूक जवळ आली की माझ्याकडे तपासायला चार-दोन एक्सेल शीट येतात. एका रकान्यात जीडीपीची वाढ, दुसऱ्यात सत्ताधारी पक्षाची मतं, मधून एक रेघ (अशी रेघ काढणं म्हणजेच रिग्रेशन) आणि खाली ठळक अक्षरांत ‘अमुक जिंकणार’. रेघ बहुतेक वेळा बरोबरच असते, कारण ती एक्सेलने काढलेली असते. चुका होतात त्या रेघेच्या आधी, रकाने भरताना. नाहीतर रेघेनंतर, आलेला आकडा वाचताना. म्हणून सूत्र कोणतं टाकायचं याला या लेखात थोडीच जागा आहे. बाकी सगळी जागा त्याच्या मागच्या-पुढच्या कामाला.

उदाहरण अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचं घेतलंय: १९५२ ते २०१२ या सोळा निवडणुका, एका निवडणुकीची एक ओळ. तिथे दर चार वर्षांनी ठरल्या दिवशी मतदान होतं, लढत त्याच दोन पक्षांत असते आणि तिमाही आर्थिक आकडे १९४७ पासून सलग मिळतात. एवढी सोय दुसरीकडे क्वचितच असते. आपल्याकडे हेच करायला गेलं तर काय होतं, ते शेवटी.

साहित्य: एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क, एक मोकळी संध्याकाळ आणि एक वही. वही खरोखर लागते.

## टप्पा १: काय मोजायचं ते एका वाक्यात लिहा

शीट उघडण्याआधी वहीत हे लिहा: ‘मावळत्या अध्यक्षांच्या पक्षाच्या उमेदवाराला, दोन मोठ्या पक्षांना मिळून पडलेल्या देशभरातल्या मतांपैकी किती टक्के मतं मिळतील?’

वाक्य लांबलचक आहे, पण त्यातला एकही शब्द गाळता येत नाही.

‘मावळत्या अध्यक्षांचा पक्ष’ म्हणजे व्हाइट हाऊस ज्याच्याकडे आहे तो पक्ष. काँग्रेसमध्ये (अमेरिकेच्या संसदेत) बहुमत कोणाचं, याचा इथे संबंध नाही. आणि मोजायचाय पक्ष, माणूस नव्हे. १९५२ मध्ये मावळते अध्यक्ष ट्रुमन उभे नव्हते, तरी त्या वर्षी ‘सत्ताधारी’ म्हणून डेमोक्रॅट स्टीव्हन्सन यांचीच मतं लिहायची. १९६८ ला हम्फ्री, २००० ला गोर, २००८ ला मॅकेन. माझ्याकडे आलेल्या एका शीटमध्ये सगळीकडे रिपब्लिकन पक्षाचीच मतं भरली होती. उतार (वाढीबरोबर मतं किती बदलतात तो आकडा) जवळपास शून्य आला, आणि ‘अर्थव्यवस्थेचा मतांशी संबंध नाही’ असा निष्कर्ष मोठ्या आत्मविश्वासाने लिहिला होता.

‘दोन पक्षांना मिळून’ कशासाठी, ते १९९२ वरून कळतं. त्या वर्षी क्लिंटन यांना ४३.० टक्के, थोरल्या बुश यांना ३७.४ टक्के आणि अपक्ष रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मतं पडली. बुश यांचे ३७.४ तसेच शीटमध्ये टाकले, तर त्या वर्षी अर्थव्यवस्थेने सत्ताधाऱ्यांना पार झोपवलं असं दिसेल. प्रत्यक्षात मतं पेरो यांनीही खाल्ली होती. म्हणून ३७.४ भागिले (३७.४ + ४३.०), म्हणजे साधारण ४६.५ टक्के. दर वर्षी हाच हिशोब करायचा. १९६८ मध्ये तिसरे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांनी १३ टक्क्यांहून जास्त मतं घेतली होती, तिथे तर नक्कीच.

सावधान: हे मॉडेल मतं सांगतं, अध्यक्ष कोण ते सांगत नाही. अध्यक्ष ठरतो इलेक्टोरल कॉलेजच्या, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींच्या, ५३८ पैकी २७० मतांवर. २००० मध्ये गोर आणि २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात जास्त मतं होती, आणि दोघंही हरले. हे वाक्य शीटच्या पहिल्या ओळीतच लिहून ठेवा. निकालाच्या रात्री ते कोणाला आठवत नाही.

## टप्पा २: ‘वाढ’ म्हणजे कोणती वाढ

या टप्प्याला निम्मा वेळ द्या. ‘आर्थिक वाढ’ नावाचा एकच एक आकडा कुठेही नसतो, चार गोष्टी ठरवाव्या लागतात.

कशाची वाढ? जीडीपीची की लोकांच्या हातात पडणाऱ्या उत्पन्नाची? येल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ रे फेअर जीडीपी घेतात: निवडणुकीच्या वर्षातल्या पहिल्या तीन तिमाह्यांमधली दरडोई वाढ, आणि सोबत महागाई वगैरे. असंच मॉडेल बनवणारे दुसरे अभ्यासक डग्लस हिब्स घेतात ते कर वजा जाता हातात उरणारं, महागाई वगळलेलं दरडोई उत्पन्न. दोन्हींत फरक पडतो. १९९२ मध्ये जीडीपी सावरत होता आणि फेअर यांचं समीकरण बुश जिंकतील असं सांगत होतं. कार्यकाळभरातली उत्पन्नवाढ मात्र जेमतेम ०.३८ टक्के होती, आणि बुश हरले. मी इथे उत्पन्न घेतलंय. एका निवडणुकीवरून पट्टी निवडू नये, हे मान्य. पण मतदाराच्या घरखर्चाच्या जवळचा आकडा हाच आहे. सेंट लुईस फेडच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या तिथल्या शाखेच्या) ‘फ्रेड’ या संकेतस्थळावर तो ‘रिअल डिस्पोझेबल पर्सनल इन्कम पर कॅपिटा’ या नावाने फुकट मिळतो.

किती काळाची वाढ? फक्त शेवटची तिमाही घेतली तर आकडा फार उड्या मारतो. चार वर्षांची सरळ सरासरी घेतली तर मतदार केव्हाच विसरून गेलेलं पहिलं वर्षही शेवटच्या वर्षाइतकंच जड होतं. मधला मार्ग म्हणजे वजनदार सरासरी: निवडणुकीच्या लगतच्या तिमाहीला वजन १, त्याआधीच्या तिमाहीला ०.९, त्याआधीच्या तिमाहीला ०.८१, असं मागे मागे जात पंधरा तिमाह्या. पंधरा वजनांची बेरीज ७.९४ येते, तिने भागायचं. अशाने शेवटच्या चार तिमाह्यांच्या वाट्याला एकूण वजनाचे साधारण ४३ टक्के येतात, आणि तरी एखाद्या विचित्र तिमाहीने सगळं उलटंपालटं होत नाही.

दर कसा मोजलाय? इथे आपल्याकडचे लोक हमखास घसरतात. अमेरिकेत तिमाही वाढ ‘वार्षिक दराने’ जाहीर होते: याच वेगाने वर्षभर गेलो तर किती, असा तो आकडा. आपल्याकडे बातमीत येते ती मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना. दोन्ही एका रकान्यात मिसळले की शीट वाया गेली. २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत अमेरिकेचा जीडीपी वार्षिक दराने सुमारे ३० टक्के आक्रसला अशी बातमी होती. प्रत्यक्षात त्या तिमाहीतली घसरण साधारण ९ टक्के होती.

कोणत्या तारखेचा आकडा? आर्थिक आकडे नंतर सुधारले जातात, कधीकधी वर्षानुवर्षं. आज ‘फ्रेड’वर १९९२ चा जो आकडा दिसतो, तो १९९२ मध्ये कोणाच्याच हातात नव्हता. अर्थव्यवस्था मंदीतून बाहेर केव्हा आली हे ठरवणाऱ्या समितीने ‘मंदी मार्च १९९१ मध्येच संपली’ असं जाहीर केलं ते डिसेंबर १९९२ मध्ये. तोवर निवडणूक होऊन महिना उलटून गेला होता. आपलं मॉडेल मागच्या निवडणुकांच्या ‘आधी’ काय म्हणालं असतं हे तपासायचं असेल, तर त्या वेळी उपलब्ध असलेलेच आकडे हवेत. ते ‘फ्रेड’च्याच ‘अल्फ्रेड’ या जुन्या आकड्यांच्या दप्तरात मिळतात. नुसता संबंध समजून घ्यायचा असेल तर सुधारित आकडे चालतील. दोन्हींपैकी काय करतोय ते वहीत लिहा.

तपासणी: वहीत आता चार उत्तरं असायला हवीत: कशाची, किती काळाची, कोणत्या दराने, कोणत्या तारखेची. एक जरी नसेल तरी पुढे जाऊ नका. ही उत्तरं निकाल पाहून बदलली, तर पुढचे सगळे टप्पे नुसता टाइमपास.

## टप्पा ३: शीट भरा

सरावासाठी हिब्स यांच्या पद्धतीचे तयार आकडे देतोय. पहिला आकडा उत्पन्नवाढ (टक्के), दुसरा सत्ताधारी पक्षाच्या मतांचा वाटा (टक्के).

| वर्ष | वाढ | मतं |
|---|---|---|
| १९५२ | २.४० | ४४.६० |
| १९५६ | २.८९ | ५७.७६ |
| १९६० | ०.८५ | ४९.९१ |
| १९६४ | ४.२१ | ६१.३४ |
| १९६८ | ३.०२ | ४९.६० |
| १९७२ | ३.६२ | ६१.७९ |
| १९७६ | १.०८ | ४८.९५ |
| १९८० | −०.३९ | ४४.७० |
| १९८४ | ३.८६ | ५९.१७ |
| १९८८ | २.२७ | ५३.९४ |
| १९९२ | ०.३८ | ४६.५५ |
| १९९६ | १.०४ | ५४.७४ |
| २००० | २.३६ | ५०.२७ |
| २००४ | १.७२ | ५१.२४ |
| २००८ | ०.१० | ४६.३२ |
| २०१२ | ०.९५ | ५२.०० |

‘अ’ रकान्यात वर्ष, ‘ब’ मध्ये वाढ, ‘क’ मध्ये मतं. १९८० समोरचं उणे चिन्ह विसरू नका. कॉपी-पेस्ट करताना ते बऱ्याचदा लांब डॅश होऊन येतं, एक्सेल त्याला आकडा न मानता मजकूर समजतं आणि ती ओळ गुपचूप गाळतं.

तपासणी: ‘ब’ ची सरासरी १.८९७५ आणि ‘क’ ची ५२.०५५ यायला हवी. ‘काउंट’ दोन्हीकडे १६.

सावधान: शीट वाढीनुसार लावून बघायचा मोह होईल. लावायची असेल तर तिन्ही रकाने निवडून लावा. एकदा वर्गासमोर मी फक्त ‘ब’ रकाना सॉर्ट केला आणि पुढची वीस मिनिटं पोरांना १९६४ मध्ये मंदी असूनही जॉन्सन कसे जिंकले ते समजावत बसलो. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘सर, कंट्रोल-झेड’ म्हणालं तेव्हा कुठे सुटका झाली.

## टप्पा ४: आधी ठिपके बघा

‘ब’ आणि ‘क’ निवडून स्कॅटर प्लॉट, म्हणजे ठिपक्यांचा आलेख, काढा. ट्रेंडलाइन अजून नको. नुसते ठिपके बघत दोन मिनिटं बसा.

उजवीकडे वर तीन ठिपके एकत्र दिसतील: १९६४, १९७२, १९८४. डावीकडे खाली १९८०, १९९२, २००८. या सहा ठिपक्यांनी रेघ जवळजवळ ठरवूनच टाकलीय. मधल्या भागात, म्हणजे वाढ १ ते २.५ टक्के असते तिथे, ठिपके चांगलेच विखुरलेले आहेत. आणि अटीतटीच्या बऱ्याच निवडणुका याच भागात होतात. भरभराट असो वा मंदी, निकाल शेजारच्या काकूंनाही ठाऊक असतो. मॉडेलची गरज मधल्या वर्षांत, आणि तिथेच ते सगळ्यात कमी सांगतं. पुढे अंदाज लिहिताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा.

दोन ठिपके बाकीच्यांपासून फटकून, खाली पडलेत. ते कोणते, ते ओळखून वहीत लिहा. टप्पा ६ मध्ये लागतील.

## टप्पा ५: रेघ काढा

चार सूत्रं पुरतात: स्लोप, इंटरसेप्ट, आर-स्क्वेअर (एक्सेलमध्ये आरएसक्यू) आणि एसटीईवायएक्स. प्रत्येकात आधी मतांचा रकाना, मग वाढीचा. उलट केलंत तर मतांवरून वाढीचा अंदाज निघेल आणि एक्सेल तक्रार करणार नाही.

यायला हवं ते असं:

- उतार: ३.०६
- इंटरसेप्ट, म्हणजे वाढ शून्य असताना रेघ सांगते ती मतं: ४६.२५
- आर-स्क्वेअर, म्हणजे मतांमधल्या चढउताराचा जेवढा भाग वाढीवरून समजतो तो (जास्तीत जास्त १): ०.५८
- एसटीईवायएक्स, म्हणजे रेघेपासून ठिपक्यांचं नेहमीचं अंतर: ३.७६

म्हणजे मतं = ४६.२५ + ३.०६ × वाढ.

वाचायचं असं: ज्या दोन निवडणुकांच्या वाढीत एका टक्क्याचा फरक आहे, त्यांच्यात सत्ताधाऱ्यांच्या मतांत सरासरी तीन टक्क्यांचा फरक दिसतो. ‘वाढ एक टक्का वाढवली की तीन टक्के मतं मिळतात’ असं हे वाक्य नाही. सरकारने निवडणुकीआधी पैसे वाटून उत्पन्न फुगवलं तर मतं तितकीच वाढतील, हे या सोळा ओळी सिद्ध करत नाहीत.

उतारही पक्का ३.०६ समजू नका. त्याची स्टँडर्ड एरर, म्हणजे तो किती इकडेतिकडे असू शकतो त्याचं माप, ०.७० येते (लिनेस्ट सूत्राने मिळते), म्हणजे खरा उतार १.६ ते ४.६ मध्ये कुठेही असू शकतो. आणि ५० टक्के मतांसाठी किती वाढ लागते? (५० − ४६.२५), म्हणजे ३.७५, भागिले ३.०६, साधारण १.२ टक्के. हा ‘जादुई आकडा’ छापायला लोकांना फार आवडतं. कृपया छापू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना किती अनिश्चितता आहे ते टप्पा ८ मध्ये येतंय.

## टप्पा ६: रेघ कुठे चुकली ते बघा, पण ओळ खोडू नका

‘ड’ रकान्यात प्रत्येक वर्षाचा अंदाज आणि ‘इ’ मध्ये खरी मतं वजा अंदाज काढा. सगळ्यात मोठ्या चुका अशा दिसतील:

- १९५२: अंदाज ५३.६, प्रत्यक्षात ४४.६. नऊ टक्क्यांची चूक.
- १९६८: अंदाज ५५.५, प्रत्यक्षात ४९.६. जवळपास सहाची.
- १९९६: अंदाज ४९.४, प्रत्यक्षात ५४.७. पाचाहून जास्त, पण सत्ताधाऱ्यांच्या बाजूने.

१९५२ मध्ये कोरियात आणि १९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सैनिक मरत होते. १९६८ मध्ये तर तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांनी मार्चअखेरीस ‘मी उभा राहणार नाही’ असं जाहीर केलं होतं. हिब्स यांनी यासाठीच दुसरा रकाना जोडला: परदेशी युद्धांत मेलेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या.

इथे खरी कसोटी लागते. ही दोन वर्षं ‘अपवाद’ म्हणून खोडून बघा: आर-स्क्वेअर ०.५८ वरून थेट ०.८५ वर जातो, उतार ३.५ होतो, ठिपके रेघेवर मुकाट येऊन बसतात. शीट इतकी देखणी होते की ती परत बिघडवायची इच्छाच होत नाही. पण पुढच्या निवडणुकीत असा काही अपवाद नसेल, हे तुम्हाला आधी कसं कळणार? खोडलेली वर्षं गेली, तशी वर्षं यायची मात्र थांबलेली नाहीत. म्हणून ओळी राहू द्या.

युद्धाचा रकाना जोडायला हरकत नाही, पण तो मुख्यतः दोन ओळींच्या जोरावर उभा आहे हे लिहा. आणि तिथेच थांबा. महागाई, बेरोजगारी, शेअर बाजार, पेट्रोलचे भाव, उमेदवाराची उंची असे वीस रकाने जोडून बघितले, तर सोळा ओळींत त्यांतला एखादा निव्वळ योगायोगाने मतांशी ०.५ सहसंबंध दाखवण्याची शक्यताच जास्त. तो सापडला की ‘गुपित सापडलं’ म्हणून लेख लिहिला जातो.

तपासणी: किती रकाने *करून बघितले*, हा आकडा वहीत लिहा. ठेवले किती, तो नव्हे.

## टप्पा ७: एक एक वर्ष लपवून परीक्षा घ्या

ज्या वर्षांवरून रेघ काढली त्याच वर्षांवर तिची परीक्षा घेणं म्हणजे पेपर फोडून घेतलेली परीक्षा. म्हणून १९५२ लपवा, उरलेल्या पंधरा ओळींवरून रेघ काढा, १९५२ चा अंदाज काढा, चूक टिपा. मग १९५२ परत आणून १९५६ लपवा. असं सोळा वेळा. हाताने तासभर लागतो, लागू दे. पहिल्यांदा हातानेच करा, एकेक वर्ष काढल्यावर रेघ किती हलते ते डोळ्यांनी दिसतं.

चुकांचे वर्ग करा, सरासरी घ्या, वर्गमूळ काढा. साधारण ३.९ यायला हवं.

आता तुलना. उत्पन्नाकडे अजिबात न बघता ‘नेहमीच्या सरासरीइतकी मतं पडतील’ असा ढोबळ अंदाज अशाच पद्धतीने तपासला, तर चूक ५.८ येते. म्हणजे मॉडेलने सुमारे एक तृतीयांश चूक कमी केली. चांगलंच आहे, जादू नाही.

‘जास्त मतं कोणाला’ हे सोळापैकी किती वेळा बरोबर आलं? बारा वेळा. चुकली ती १९५२, १९६८, १९९६ आणि २०१२. डोळे मिटून दर वेळी ‘सत्ताधारी पुढे’ म्हटलं असतं तर नऊ वेळा बरोबर आलं असतं. ‘आमचं मॉडेल ७५ टक्के अचूक’ अशी जाहिरात दिसली की शेजारी हा नऊचा आकडा मागा.

## टप्पा ८: अंदाज म्हणजे आकडा नव्हे, पट्टा

वरच्या शीटमध्ये २०१६ नाही, म्हणून त्यावर करून बघू. वाढ साधारण २ टक्के धरली तर अंदाज ४६.२५ + ६.१२ = ५२.४ टक्के, हिलरी क्लिंटन यांच्यासाठी.

आता पट्टा, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते. एका नव्या वर्षासाठीची अनिश्चितता म्हणजे नुसती ३.७६ नव्हे, रेघच थोडी इकडेतिकडे असू शकते त्याचीही त्यात भर. ३.७६ ला (१ + १/१६ + थोडंसं) याच्या वर्गमूळाने गुणा: ३.८८. ते ‘थोडंसं’ म्हणजे नव्या वाढीचं सरासरीपासूनचं अंतर वर्ग करून २९.२ ने (सोळाही वर्षांच्या अशाच अंतरांच्या वर्गांची बेरीज) भागलेलं. इथे नगण्य आहे, टोकाच्या वर्षांत नसतं. सोळा ओळींतून दोन गोष्टी काढल्या म्हणून उरले १४, आणि १४ साठीचा टी-आकडा (थोड्या ओळींवरून ९५ टक्के खात्रीचा पट्टा काढायचा गुणक) २.१४. त्याने ३.८८ ला गुणा: ८.३.

म्हणजे ९५ टक्के खात्रीचा पट्टा ४४ ते ६१ टक्के.

हो, एवढा रुंद. एकीकडे दणदणीत पराभव, दुसरीकडे एकतर्फी विजय. यावर लोकांचा पहिला विचार असतो, ‘काहीतरी चुकलंय’. काही चुकलेलं नाही. सोळा ओळी एवढंच सांगू शकतात. ५० च्या वर जाण्याची शक्यता काढायची तर (५२.४ − ५०) भागिले ३.८८, म्हणजे ०.६१, टी-वितरणात बघितलं की सुमारे ७२ टक्के. प्रत्यक्षात दोन पक्षांच्या मतांत क्लिंटन यांना सुमारे ५१.१ टक्के मिळाले, रेघेच्या अगदी जवळ. अध्यक्ष झाले ट्रम्प. टप्पा १ मधली सूचना आठवा.

सावधान, पट्टी बदलू नका: २०२४ मध्ये अमेरिकेचा जीडीपी २.८ टक्क्यांनी वाढला. हा आकडा सरळ वरच्या सूत्रात टाकून ‘हॅरिस यांना ५४.८ टक्के’ असं सांगणाऱ्या शीट मी पाहिल्यात. सूत्र शिकलं दरडोई उत्पन्नाच्या वजनदार सरासरीवर, आणि त्याला खायला घातला जीडीपी. मापं मीटरमध्ये घेतली आणि कापड वाराने फाडलं, अशातली गत. दोन पक्षांच्या मतांत हॅरिस यांना साधारण ४९.२ टक्के मिळाले. त्याआधी जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती.

सावधान, शीटच्या बाहेर जाऊ नका: आपल्या शीटमधली सगळ्यात कमी वाढ −०.३९ आणि सगळ्यात जास्त ४.२१. २०२० मध्ये जीडीपी कोसळला आणि त्याच वेळी सरकारने माणशी १,२०० डॉलरपर्यंतचे धनादेश पाठवल्याने हातातलं उत्पन्न उसळलं. एका पट्टीने ट्रम्प भुईसपाट, दुसरीने दणक्यात विजयी. खरी मतं ४७.७ टक्के. अशा वर्षी ‘मॉडेल इथे लागू नाही’ हेच उत्तर. ते मतदानाआधी लिहायला धीर लागतो, नंतर कोणीही लिहितं.

अंदाज लिहायचा नमुना: ‘अमुक तारखेपर्यंतच्या आकड्यांवरून ५२ टक्के, पट्टा ४४ ते ६१, जास्त मतं मिळण्याची शक्यता ७२ टक्के.’ तारीख घालून कोणाला तरी ईमेल करून टाका, म्हणजे नंतर हात फिरवता येणार नाही. तिसऱ्या तिमाहीचा पहिला आकडा ऑक्टोबरच्या अखेरीस, मतदानाच्या तोंडावर येतो. ऑगस्टमध्ये अंदाज करत असाल तर दुसऱ्या तिमाहीवरच थांबावं लागेल, आणि मग मागच्या सोळाही निवडणुकांचे आकडे दुसऱ्या तिमाहीपर्यंतचेच घेऊन रेघ नव्याने काढावी लागेल. हे काम जवळपास सगळेच टाळतात.

## टप्पा ९: लोकसभेवर चालवायच्या आधी

‘हे आपल्याकडे करून बघतो’ असा निरोप आला की मी तीन गोष्टी विचारतो.

पहिली, ‘सत्ताधारी’ कोण? आघाडीतला मुख्य पक्ष, की अख्खी आघाडी? दोन निवडणुकांच्या मधे आघाडीच बदलली तर मागची मतं कोणाच्या खात्यात?

दुसरी, मतं की जागा? २०१९ मध्ये भाजपला ३७.४ टक्के मतं आणि ३०३ जागा होत्या. २०२४ मध्ये ३६.६ टक्के मतं आणि २४० जागा. मतांत एक टक्क्याहूनही कमी घट, जागांत ६३ ची. मतांचं रिग्रेशन अगदी अचूक आलं असतं तरी सरकार बहुमतात की मित्रपक्षांच्या टेकूवर, हे त्याला सांगता आलं नसतं.

तिसरी, आकडे कोणत्या मालिकेतले? जीडीपीचं आधारवर्ष २०१५ मध्ये बदलून २०११-१२ केलं गेलं आणि जुने वाढदरही नंतर नव्याने मोजले गेले. अर्धा रकाना जुन्या मालिकेतला आणि अर्धा नव्यातला असेल, तर उतार निघेल तो मालिका बदलल्याचा.

आणि ज्यांना राज्याच्या उत्पन्नावरून विधानसभेचा अंदाज करायचाय त्यांनी आधी महाराष्ट्राच्या २०२४ च्या दोनच ओळी भराव्यात. लोकसभेला महायुतीला ४८ पैकी १७ जागा. सहा महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, विधानसभेला २८८ पैकी भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१, मिळून २३०. राज्याच्या उत्पन्नाचा वार्षिक आकडा दोन्ही ओळींत तोच. आता या दोन ओळींवर स्लोपचं सूत्र चालवून बघा: ‘ब’ रकान्यात फरकच नाही, त्यामुळे एक्सेल शून्याने भागल्याची एरर दाखवतं.